मदरबोर्ड न जोडता एसएमपीएस चालू करून बघायचाय, पेपरक्लिप सोडून अजून काय करता येईल?

बंदरावरचा (हर्णै)

नमस्कार मंडळी. आईचं हर्णैला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे, तिथला कॉम्प्युटर गेल्या मंगळवारपासून धड चालत नाहीये. झालं असं की रात्री विजा कडाडत होत्या, लाईट गेली, आली, परत गेली, आणि सकाळी आईने बटण दाबलं तर पंखा एक गिरकी घेऊन थांबला. नंतर दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर चालू झाला, विंडोज पण आलं, पण फॉर्मच्या चार टॅब उघडल्या की फटकन बंद. दापोलीला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं बोर्ड गेला, ह्याचा बोर्ड आता मिळत नाही, सगळंच नवीन घ्या. मी विचारलं एसएमपीएस (बोर्डाला आणि बाकी सगळ्याला वीज पुरवणारा आतला डबा) बघितलात का, तर म्हणाला पंखा फिरतोय ना मग तो चांगलाच आहे.

सध्या अकरावीचे आणि आयटीआयचे फॉर्म चालू आहेत, वर्षातली खरी कमाई ह्याच दिवसांत होते आणि आई रोज पोरांना परत पाठवतेय, त्यामुळे अख्खी नवीन मशीन घेण्याआधी मला एसएमपीएस स्वतः तपासायचाय. हिरवी आणि काळी वायर जोडली की बोर्डाशिवाय चालू होतो एवढं माहितीये. अडचण ही की माझ्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या आहेत (बाहेर मोठ्या अक्षरात गेमिंग लिहिलंय, ४५० वॅट, सहा वर्षं झाली). हिरवी म्हणजे डावीकडून चौथी म्हणतात पण डावी कुठली, कनेक्टर उलटा धरला की उजवी होते ना. आणि घरात पेपरक्लिप आहेत त्या सगळ्या रंगीत प्लास्टिकवाल्या. बाकी आईच्या हेअरपिना, सेफ्टी पिन, लॅन केबलचा तुकडा आणि एक साधा मल्टिमीटर आहे. ह्यातलं काय वापरू, आणि चुकीच्या भोकात गेलं तर काय होईल?

अजून एक, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. हे आधीपासून आहे, पण लिहून ठेवतो.


मालवणी_झिल (मालवण)

भावा भिया नको. काय पण धातूचा घाल हिरव्यात आणि काळ्यात, पंखो फिरलो तर एसएमपीएस बरो, नाय फिरलो तर गेलो. मी असेच धा-बारा बघितलंय.


तांबडीमाती (लांजा)

झिला, तुझं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात दापोलीचा माणूस जिथे चुकला तिथेच तू चुकतोयस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी लांज्यात बरीच वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेत, एसएमपीएस किती हाताखालून गेले त्याचा हिशेब नाही.

आधी आत काय चालतं ते बघ, म्हणजे भीती जाईल. जुन्या एटी कॅबिनेटला समोरच्या खटक्यापर्यंत सरळ २३० व्होल्टची वायर आलेली असायची, खटका दाबला की सप्लाय चालू. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी पद्धत आणली आणि तो खटका गेला. आता प्लग लावला की एसएमपीएसच्या आत एक छोटा सप्लाय कायम जागा असतो, तो जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट देतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. हिरवी वायर म्हणजे पीएस-ऑन, ती आतून ५ व्होल्टकडे ओढलेली असते. बोर्ड तिला खाली काळ्याशी म्हणजे ग्राउंडला आणून धरतो आणि मग मोठा सप्लाय उठतो. क्लिप लावून आपण बोर्डाचं तेवढं एकच काम करतो. त्या हिरव्या वायरमधून जेमतेम दीड मिलिॲम्पिअर वाहतो, तिच्यामुळे शॉक बसत नाही.

बोर्ड ती वायर खाली धरूनच ठेवतो, हे लक्षात ठेव. माझ्याकडे एकाने दारावरच्या बेलचं बटण लावून आणलं होतं आणि सांगत होता की एसएमपीएस चालू होऊन लगेच बंद होतो. बटण सोडलं की बंद होणारच. त्यामुळे जे लावशील ते लागून राहिलं पाहिजे, किंवा मग खट्‌ करून एका बाजूला बसणारा स्विच हवा.

आता काळ्या वायरींचं. डावं-उजवं विसरून जा. २४ पिनच्या कनेक्टरला ज्या बाजूला खिट्टी आहे, म्हणजे अंगठ्याने दाबून सोडवतो ती पट्टी, त्या बाजूची १२ भोकांची ओळ घे. त्यात एका भोकात वायरच नसेल. पूर्वी तिथे पांढरी उणे ५ व्होल्टची असायची, आता कोणी देत नाही. हे रिकामं भोक एका टोकाकडून मोजलं तर पाचवं येतं. तू त्याच्या उलट टोकाकडून मोज, चौथं जे येईल ते पीएस-ऑन. त्याच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडच आहे, त्यामुळे शेजारचं कुठलंही चालेल. कनेक्टर कसाही धर, हे मोजमाप बदलत नाही. जुन्या २० पिनवाल्यालाही हेच लागू आहे, फक्त तिथे ओळ १० भोकांची असते, ती जागा टोकाकडून पाचवी नाही तर तिसरी येते, आणि तिथे पांढरी वायर सापडू शकते.

तरीही मन साशंक असेल तर क्लिपऐवजी ३३० ओहमचा साधा पाव वॅटचा रेझिस्टन्स लाव. पीएस-ऑनला खाली आणायला तो पुरतो, आणि चुकून स्टँडबायच्या भोकात गेला तर १५ मिलिॲम्पिअर वाहील, बस. ठिणगी नाही, काही नाही. मी शिकाऊ पोरांना आधी हेच द्यायचो.

तुझ्या सामानापैकी लॅन केबल सगळ्यात चांगली. आतली एक तांब्याची तार काढ, दोन्ही टोकं सोलून मागे दुमड म्हणजे जाडी बरोबर होते, मधलं प्लास्टिक राहू दे. हेअरपिनेला रंगाचा थर असतो, तो घासल्याशिवाय करंट जात नाही आणि आपल्याला वाटतं एसएमपीएस मेला. रंगीत क्लिपचं तेच, टोकं ब्लेडने खरवडून घे. सेफ्टी पिन नको, बारीक असते, सैल बसते, हलली की बंद-चालू बंद-चालू. आणि काहीही घालताना समोरून जोर लावू नकोस, आतली पितळी नळी रुंदावते आणि मग बोर्डाच्या पिनेला नीट पकडत नाही, पुढे तीच जागा तापून काळी पडते. वायर ज्या बाजूने आत जाते त्या मागच्या बाजूने, वायरीला लगटून तार आत सरकव.

क्रम असा. भिंतीचा स्विच बंद, एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्ड, हार्ड डिस्क सगळीकडून काढलेल्या, तार लावली, हात काढला, मग स्विच चालू. काही बदलायचं असेल तर परत स्विच बंद. हातात अंगठी असेल तर काढून ठेव, आई मदतीला असतील तर बांगड्या सांभाळायला सांग, कारण हिरव्यात काही नसलं तरी १२ व्होल्टच्या वायरीत बऱ्यापैकी ॲम्पिअर असतात आणि धातू आडवा आला तर भाजतं. पाठीमागे ११५/२३० असा लाल सरकता खटका असेल तर तो २३० वरच आहे ना बघ. आणि एसएमपीएसचा डबा अजिबात उघडू नकोस. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

आता मुद्द्याचं. पंखा फिरणं ही परीक्षा नव्हे रे. रिकाम्या एसएमपीएसने पंखा फिरवणं म्हणजे बैलाला गाडीला न जुंपता अंगणात फिरवण्यासारखं आहे. माझ्या टेबलावर असे कितीतरी आले की क्लिप लावली तर सगळे व्होल्टेज सुरेख आणि बोर्डाला लावले की मान टाकायचे. उलट काही चांगल्या सप्लायचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, मुद्दाम तसा बनवलेला असतो, आणि लोक तो मेला म्हणून टाकून देतात. तेव्हा पंखा बघू नकोस, मीटर बघ, आणि लोड टाकून बघ.

लोडला गाडीचा इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घे, गॅरेजमध्ये मागितलास तर देतील, तीन आण. एक बल्ब पावणेदोन ॲम्पिअर खेचतो. हेडलाईटचा मोठा बल्ब आधीच नको, थंड फिलामेंट पहिल्या क्षणी खूप जास्त ओढते आणि चांगला एसएमपीएसही कधीकधी प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो. जुन्या हार्ड डिस्कचा चार पिनचा चपटा कनेक्टर असेल त्यात मधल्या दोन ग्राउंड, एका कडेला १२, दुसऱ्या कडेला ५. मीटरने खात्री करून घे. १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ च्या आत, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ च्या आत राहिलं पाहिजे. आकडे लिहून टाक इथे.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त एक घालते कारण आमच्या क्लासमध्ये हे दर पावसाळ्यात होतं. बंदरावरच्या, एसएमपीएस काढायच्या आधी कॅबिनेटच्या पॉवर बटणाची दोन पिनांची वायर बोर्डवरून काढून टाका आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावून चालू करून बघा. खाऱ्या हवेने बटणाच्या आत गंज चढतो, कळक चढल्यासारखं होतं, आणि बटण आतून दाबलेलंच राहतं. मग बोर्डाला वाटतं कोणीतरी बटण धरून ठेवलंय आणि चार सेकंदांनी मशीन बंद. आमच्याकडे दोन मशीनींचे बोर्ड ह्याच कारणाने उगाच बदलले गेले होते, ते पैसे अजून मनाला लागतात.

आणि ज्यांच्याकडे पुराचं पाणी शिरतं त्यांच्यासाठी लिहिते. २२ जुलै २०२१ ला आमच्या क्लासमध्ये छातीएवढं पाणी होतं, सगळ्या मशीनी गाळात. बोर्ड, रॅम धुऊन वाळवून काही वाचले. एसएमपीएस मात्र आम्ही आठवडाभर उन्हात ठेवले आणि एका मुलाने क्लिप लावून बघायला घेतला तर स्फोट झाल्यासारखा आवाज आणि धूर. त्याला काही झालं नाही, पण मी आजही तो आवाज विसरलेले नाही. गाळ ट्रान्सफॉर्मरच्या खाली, पट्ट्यांच्या मध्ये बसतो, वरून कोरडा दिसतो आणि आत ओल धरून असतो. पुरात बुडालेला एसएमपीएस तपासू नका. तो टाकून द्या.


बंदरावरचा (हर्णै)

ताई, बटणाची वायर काढून स्क्रूड्रायव्हरने चालू केला. तरी तसंच. चार सेकंदांनी असं नाही, कधी दोन मिनिटांनी कधी दहा, टॅब उघडल्या की बंद. म्हणजे बटण नाही. पण बटण उघडलं तर आत खरंच हिरवं झालेलं होतं, ते बदलणारच.

काका, रिकामं भोक सापडलं!! उलट टोकाकडून चौथं, लॅन केबलची तार लावली, पहिल्या फटक्यात चालू. रेझिस्टन्स इथे मिळाला नाही. आकडे देतो.

काहीही न जोडता: १२ वर १२.१८, ५ वर ५.०९, ३.३ वर ३.३४.
एक बल्ब: ११.६२ आणि ५ वर ५.२६.
दोन बल्ब: ११.२१ आणि ५ वर ५.४१.

म्हणजे गेलाच ना? ११.४ च्या खाली आला. उद्या नवीन आणू का? आणि ५ वाढतोय का ते मात्र कळलं नाही, मी तर ५ ला काही लावलंच नाहीये.


मालवणी_झिल (मालवण)

गेलो रे. आकडेच सांगतत.


तांबडीमाती (लांजा)

थांबा दोघेही, अजून निकाल लावू नका. ५ वाढतोय आणि १२ पडतोय, एकाच वेळी, ह्यातच उत्तर आहे. स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ एकाच कॉइलवरून एकत्र सांभाळलेले असतात, आतला कंट्रोलर दोघांची सरासरी बघून दोघांना एकदमच वर-खाली करतो. तू सगळा भार १२ वर टाकलास आणि ५ ला मोकळं सोडलंस, तर १२ खचणार आणि ५ फुगणार. तागडीच्या एकाच पारड्यात वजन टाकल्यावर दुसरं वर जातं तसं. चांगल्या अवस्थेतला जुन्या पद्धतीचा एसएमपीएसही असे आकडे दाखवू शकतो, त्याला वाईट म्हणणं अन्याय आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं, राहून गेलं.

५ व्होल्टवर पण लोड टाक. १० ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स मिळाला तर ५ आणि ग्राउंडच्या मध्ये लाव, अर्धा ॲम्पिअर खेचेल, अडीच वॅटची उष्णता होईल म्हणून लाकडावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नकोस, फरशीवर ठेव. नाहीतर घरात जुनी साडेतीन इंची हार्ड डिस्क असेल तर तीच लाव, डेटा नको असलेली. ती ५ आणि १२ दोन्ही वापरते, आयता लोड आहे. मग परत एक, दोन, तीन बल्ब. तिसऱ्याला दहा मिनिटं चालू ठेव आणि तिथेच बसून राहा, एकटा सोडून जाऊ नकोस.

जमलं तर खिट्टीच्या समोरच्या ओळीत राखाडी वायरचं भोक पण बघ, ते पॉवर-गुड. सगळे व्होल्टेज ठीक झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत तिथे ५ व्होल्ट येतात, आणि ते आल्याशिवाय बोर्ड प्रोसेसरला उठवतच नाही. पीएस-ऑन ज्या टोकाकडून मोजलंस त्याच टोकाकडून ह्या ओळीत आठवं. त्यात तार घालायची नाही, फक्त मीटरचं टोक लावायचं.

बाकी मल्टिमीटरवर रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजवरची बारीक थरथर, दिसत नाही हे पण सांगून ठेवतो. १२ वर १२० मिलिव्होल्टपर्यंत चालतो, ५ वर ५० पर्यंत, पण ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो, साध्या मीटरच्या एसी रेंजवर जे येतं त्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणि मुंग्यांचं. त्याकडे दुर्लक्ष करू नकोस, हे एसएमपीएसपेक्षा महत्त्वाचं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात, गडबड गोंगाट जमिनीत सोडायला. अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो, नसेल तर अख्खा पत्रा २३० च्या निम्म्यावर म्हणजे ११५ च्या आसपास तरंगतो आणि हात लागला की मुंग्या. तेवढ्याने माणूस मरत नाही, पण ह्याचा अर्थ तुमच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डात अर्थिंगच नाही, आणि उद्या खरोखर फेज पत्र्याला लागली तर अडवायला काही नाही. आईचा हात दिवसभर तिथे असतो रे.

आपल्याकडे जांभा. पाणी धरत नाही, सगळं खाली निथळून जातं. पावसात ठीक चालतं, मार्च उजाडला की अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. मीठ-कोळसा भरून वरून पाणी घालत राहायचं हा जुना मार्ग आहेच, पण मिठाने जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आतून खाल्ला जातो, दहा वर्षांपूर्वी केलेलं अर्थिंग आज पाइपच्या नावाने नुसता गंज असतो. वायरमनला बोलावून मोजून घ्या. फेज ते अर्थ मीटरवर साधारण फेज ते न्यूट्रलएवढंच आलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. मीटरवर बरोबर आलं तरी खड्डा चांगला आहे असं नक्की होत नाही, त्याचं वेगळं यंत्र असतं, ते वायरमन आणेल.


नाखवा_रत्नागिरी

मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे म्हणून. माझ्याकडे एक जुना चांगला एसएमपीएस पडून आहे, गणपतीच्या मखराला १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लावायच्यात, पाच पाच मीटरच्या तीन. अशी तार घालून तो पाच दिवस चालवला तर चालेल का? आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी पण ह्यानेच चार्ज करता येईल का?


तांबडीमाती (लांजा)

पट्ट्यांना चालेल. पाच मीटरची दाट पट्टी, म्हणजे मीटरला ६० मोठे एलईडी असलेली, साधारण ७२ वॅट खाते, सहा ॲम्पिअर. तीन झाल्या म्हणजे अठरा. एसएमपीएसच्या स्टिकरवर वॅट बघू नका, १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा, आणि त्याच्या दोन तृतीयांशावर थांबा. स्टिकरवर २८-३० असेल तर तिन्ही, नाहीतर एक पट्टी कमी लावा. एका पिवळ्या वायरवर अठरा ॲम्पिअर टाकू नका, प्रत्येक पट्टीला वेगळी पिवळी-काळी जोडी द्या आणि मध्ये गाडीचा साडेसात ॲम्पिअरचा फ्यूज घाला.

पण पाच दिवसांसाठी लॅनची तार नको. मेलेल्या मदरबोर्डवरचा २४ पिनचा कनेक्टर कोणाकडून तरी सोडवून घ्या, त्याच्या पीएस-ऑन आणि ग्राउंडच्या पिनांना दोन वायरी सोल्डर करून एक साधा खटका लावा. मग एसएमपीएसच्या वायरी कापायला लागत नाहीत, आणि मखराजवळ कोणाचा पाय लागून तार निसटायची भीती नाही. एसएमपीएस जुन्या पद्धतीचा असेल तर वर सांगितलेला १० ओहमचा रेझिस्टन्स ५ व्होल्टवर लागेल, नाहीतर पट्ट्या मंद होतील. तो तापतो, त्याला आणि एसएमपीएसलाही कापड, कागद, फुलांच्या माळा ह्यांच्यापासून लांब ठेवा, समईपासून जेवढं लांब ठेवता तेवढं.

बॅटरी नाही. बॅटरी भरायला पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट लागतात, हा १२ वर थांबतो. वर लाईट गेल्यावर एसएमपीएसलाही लाईट नसणार, आणि बॅटरीतून करंट उलटा त्याच्यात शिरेल. तो नाद सोडा.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नाखवा, तुमचा एसएमपीएस कुठल्या कंपनीच्या तयार डेस्कटॉपमधून निघालेला असेल तर आधी कनेक्टर बघा. त्यात २४ ऐवजी सहा, आठ, दहा असे कमी पिनांचे असतात, आतली मांडणी पण वेगळी. काहींत तर ५ आणि ३.३ नसतातच, सगळं १२ वर. काकांचं रिकाम्या भोकाचं मोजमाप तिथे लावू नका.


बंदरावरचा (हर्णै)

काका, काल रात्री दुकान बंद करून बसलो. जुनी हार्ड डिस्क मिळाली, २०१२ ची, काम करत होती. राखाडीवर ४.९६ आले.

हार्ड डिस्क आणि एक बल्ब: ११.९१ आणि ५.१०.
हार्ड डिस्क आणि दोन बल्ब: ११.७० आणि ५.१४.

तुम्ही म्हणालात तसंच, १२ वर आला आणि ५ खाली बसला. मला वाटलं चला एसएमपीएस वाचला, बोर्डच गेलाय. मग तिसरा बल्ब लावला. सुरुवातीला ११.३४, बल्ब जरा थरथरताना दिसत होते, मीटर पण स्थिर नव्हता, ११.३, ११.२, ११.० असा उतरत गेला आणि चाळीसेक सेकंदांनी टक्‌ करून सगळं बंद. तार काढून परत लावली तरी उठला नाही, भिंतीचा स्विच बंद करून पाच मिनिटं थांबलो तेव्हा उठला. तीनदा करून बघितलं, तीनही वेळा तिसऱ्या बल्बला असंच झालं. बल्ब अदलाबदल करून पण बघितले.

तीन बल्ब म्हणजे ६३ वॅट आणि डिस्कचे थोडे. ४५० लिहिलंय त्याच्यावर. स्टिकर नीट वाचला तर १२ व्होल्टला १४ ॲम्पिअर आहे, म्हणजे कागदावरच १६८ वॅट, आणि आता तेवढेही नाहीत.


तांबडीमाती (लांजा)

शाब्बास. आता म्हण गेला. तीनदा केलंस आणि बल्ब बदलून बघितलेस, हे फार चांगलं केलंस.

बहुतेक आउटपुटचे कपॅसिटर सुकलेत, सहा वर्षं आणि आपली दमट हवा. विजेच्या रात्री जे काही झालं त्याने शेवटचा धक्का दिला असेल. बोर्ड गेलाय असं ह्यातून कुठेही दिसत नाही. मशीन नुसती उभी असताना चाळीस-पन्नास वॅट घेत असेल तोवर तग धरते, टॅब उघडल्या की प्रोसेसर कामाला लागतो आणि हा तिसऱ्या बल्बला बसला तसा खाली बसतो. नवीन एसएमपीएस आणण्याआधी ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघ, मग पैसे घाल. घेताना १२ व्होल्टचे ॲम्पिअर बघ, तुमच्या कामाला ३० च्या आसपास असले की डोक्याला ताप नाही.


मालवणी_झिल (मालवण)

काकानू, माका पण ह्या लोडचा म्हायत नव्हता. माझ्याकडे दोन एसएमपीएस बरे म्हणून बाजूक ठेवलेले आसत, पंखो फिरलो म्हणून. उद्या बल्ब लावन बघतंय.


बंदरावरचा (हर्णै)

अपडेट. शेजारच्या मच्छी सोसायटीतल्या मशीनचा एसएमपीएस रविवारी दोन तास मागून आणला, आमचा कॉम्प्युटर बारा टॅब उघडून, झेरॉक्स चालू ठेवून, एकदाही बंद पडला नाही. मंगळवारी नवीन घेतला, १२ व्होल्टला ३४ ॲम्पिअर. लावायच्या आधी तोच प्रकार केला, लॅनची तार, हार्ड डिस्क, तीन बल्ब, दहा मिनिटं. १२.०४ वर होता, दहा मिनिटांनी १२.०३. बोर्ड तोच, प्रोसेसर तोच.

बटण नवीन घातलं. वायरमन आला होता, अर्थिंगचा पाइप जमिनीच्या पातळीला खाऊन तुटलेलाच होता, नुसती वायर लोंबत होती. नवीन खड्डा काढायचं गुरुवारी ठरलंय, तोवर आईला रबरी चटईवर पाय ठेवून बसायला सांगितलंय आणि पत्र्याला हात लावायचा नाही म्हणून कॅबिनेट टेबलाखाली आत सरकवलंय. काल तिने एकोणीस फॉर्म भरले.

काका, तीन बल्ब एका लाकडी पट्टीवर होल्डर लावून पक्के केलेत, जुन्या एसएमपीएसचा चार पिनचा कनेक्टर कापून त्याला जोडायचा विचार आहे. तो डबा न उघडता वायर बाहेरूनच कापली तर चालेल ना?


तांबडीमाती (लांजा)

चालेल. प्लग काढून एक दिवस ठेव, मग बाहेरून काप, आणि डब्याकडे राहिलेल्या टोकांना एकेकीला टेप गुंडाळ. वरून मार्करने "खराब" लिही, नाहीतर कोणीतरी पंखा फिरवून बघेल आणि परत मशीनीत घालेल.